मिस्त्रीची टोपी

बेबीनंदाने वीस वर्षांत जालन्यातल्या किती भिंतींना गिलावा केला, याची मोजदाद नाही. पण या भिंती कुणी केल्या असं विचारलं, की घरमालक तिच्या दिराकडे, मिथुनकडे बोट दाखवायचे. मिथुन माल कालवायचा, घमेलं वर द्यायचा आणि उरलेल्या वेळात मिशा पिळायचा. थापी बेबीनंदाच्या हातात. पण मिशा मिथुनला होत्या, म्हणून मिस्त्री तो.

काम पुरं झालं की मालकाने मिस्त्रीला टॉवेल-टोपी करायची, ही आपल्याकडची रीत. मिथुनकडे अशा अकरा टोप्या साठल्या होत्या. बेबीनंदाकडे अकरा ब्लाउजपीस. म्हणून मस्तगडच्या भागचंद शेठची भिंत घेतली तेव्हाच तिने बजावलं, "भावजी, ही टोपी माझी."

"वैनी, म्या कव्हा न्हाई म्हणलं?" मिथुन म्हणाला. म्हणायला त्याचं काही जात नव्हतं.

भिंत जुन्या विटांची, रस्त्याकडची. शेठचं म्हणणं, वरून थापून टाका, झाकलं की झालं. बेबीनंदाने मात्र दोन दिवस विटांमधला भुसभुशीत चुना खरवडला, वर फुटलेला पांढरा खार झाडला आणि भिंतीला पोटभर पाणी पाजलं. खुर्ची टाकून बसलेल्या शेठना वाटलं, भिंत करायला बोलावली आणि ही तर पोखरत बसली. त्यांनी मिथुनला विचारलं. मिथुनने मिशीवर हात फिरवून सगळं बराबर चाललंय म्हणून सांगितलं. शेठचं समाधान झालं.

तिसऱ्या दिवशी गिलावा झाला, परातीत पसरलेल्या साईसारखा. सात दिवस पाणी मारायचं आणि तोवर भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असं बेबीनंदाने सगळ्या घराला ऐकवलं. पण नावाची पाटी लावायचा मुहूर्त निघाला दुसऱ्याच दिवशीचा. शेठनी गल्ली गोळा केली, मिथुनला पुढे ओढलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. बेबीनंदाला ब्लाउजपीस मिळाला. या वेळी जांभळा. मिथुन तिची नजर चुकवून भिंतीकडे बघत राहिला.

मग शेठनी पितळी पाटी आणि खिळा काढला.

"शेठ, गिलावा कच्चा हाय," बेबीनंदा म्हणाली. "आठ रोज थांबा."

शेठ टोपीकडे वळले. "मिस्त्री, ठोकू ना?"

इतक्या लोकांपुढे टोपीखालच्या माणसाला नाही म्हणणं शोभेना. "ठोका की. बिलकुल ठोका."

दुसऱ्या घावाला ताटाएवढा पोपडा शेठच्या पायावर आला. आतल्या जुन्या विटा गल्लीकडे बघायला लागल्या.

शेठनी मिस्त्रीला लगेच भरून घ्यायला सांगितलं. मिथुनने थापी धरली, माल फेकला. तो विटांना न चिकटता नव्या टॉवेलवर परत आला. तीनदा आला. तेव्हा कुठे शेठना बेबीनंदा दिसली.

"बाई, तुम्ही बघा जरा. जल्दी."

"हे मिस्त्रीचं काम हाय, शेठ. म्या ब्लाउजपीसवाली."

शेठनी बायकोकडे, भगवतीदेवींकडे पाहिलं. बाईच्या डोक्यावर टोपी बघून लोक काय म्हणतील, अशी काळजी बाईसाहेबांनी बोलून दाखवली.

"लोक आता भिंतच बघून राह्यले, बाईसाब," बेबीनंदा म्हणाली.

मिथुनने स्वतःच टोपी उतरवली, झटकली आणि शेठच्या हातात दिली. शेठनी ती बेबीनंदाच्या पदरावर ठेवली. टोपी मिथुनच्या मापाची, थेट भुवयांवर आली. बेबीनंदाने ती सिमेंटने खरबरीत झालेल्या अंगठ्याने मागे सरकवली आणि भोकाच्या कडा ठोकून पाहिल्या.

"भावजी, माल कालवा. पातळ नका करू."

ते ठिगळ अजून वेगळ्या रंगाचं दिसतं. शेठनी आठ दिवसांनी पाटी तिथेच लावायला घेतली, आणि हातोडी उचलण्याआधी, गल्लीतलं कुणी ऐकत नाही ना हे पाहून, विचारलं, "मिस्त्री, ठोकू का?"

बेबीनंदाने थापीच्या दांड्याने भिंत वाजवली, कान लावला. भिंत पक्की झाली होती.

"उद्या," ती म्हणाली.