न बिघडणारा कॅमेरा

इजिप्तमध्ये, लाल समुद्रावरच्या हुरघाडाच्या बोटीवर शाझली पर्यटकांचे फोटो काढायचा. त्याचा साधा कॅमेरा खाऱ्या वाऱ्याने वरचेवर बिघडायचा. मग दुरुस्तीच्या निमित्ताने तो असवानला, बायको नग्लाकडे जाऊन यायचा.

अखेर बोटमालक उबैदने पाण्याखालीही चालणारा कॅमेरा आणला. "आता सुट्टी कशाला लागतेय तुला?" तो म्हणाला.

हिवाळा सरला. शाझलीला घर दिसलं नाही.

"कधी बिघडणार रे तो?" नग्लाने फोनवर विचारलं.

दुपारी कोणी नाही असं बघून त्याने कॅमेरा लोखंडी शिडीवर आपटला. साधा ओरखडाही उमटला नाही.

आवाज ऐकून उबैद आला. "पडला? बघ, किती दणकट आहे. तुझा जुना असता तर गेलाच असता."

"हो ना," शाझली म्हणाला आणि पर्यटकांमागोमाग पाण्यात उतरला.