धरणाकाठी थांबणारी पांढरी गाडी

ती घटना आठवली की आजही आधी त्या पोरीचं घोरणं कानात येतं. पाच वर्षांची पोर. भोवती गाव जमलेलं, बापाच्या गाडीची किल्ली लोकांनी काढून घेतलेली, आणि ही मागच्या सीटवर बिनघोर झोपलेली. माझ्या सगळ्या नोकरीत इतका निवांत साक्षीदार मला दुसरा भेटला नाही.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धरणाच्या पाण्याकाठी शेतकऱ्यांनी पाणी उपसायला बसवलेल्या मोटारी चोरीला जात होत्या. चोर मोटार फोडून आतली तांब्याची तार काढत आणि सांगाडा तिथंच टाकून पसार होत. सकाळी ठाण्यात यावं तर बाकावर कुणीतरी शेतकरी बसलेला असायचाच. आम्ही तक्रार घ्यायचो, पंचनामा करायचो, गस्त वाढवायचो आणि मोटारी जायच्या त्या जातच होत्या. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण आमचा चहाही घेत नसत.

एका रविवारी दुपारी काठावरच्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, गडी घावला! पांढरी गाडी हाय, आहुप्याकडनं येती. दर रविवारी बघतोय आमी. पाण्याकडंला थांबती, ह्यो खाली उतरतो, मागलं दार उघडून आत वाकतो, दार लावतो न् पुढं जातो. जरा अंतरावर परत तेच. मोटारी हेरतोय राव, दुसरं काय!"

खबर वजनदार होती. हवालदार आणि एक महिला पोलीस यांना घेऊन मी निघालो. तिथं पोचलो तेव्हा दोघाचौघांच्या हातात काठ्या होत्या. माणूस तिशीतला, डोंगरातल्या आहुपे गावचाच, भातशेती करणारा, आल्यागेल्या पर्यटकांना जेवण करून देणारा. गाडीच्या डिकीत तांदळाची पिशवी आणि एक बाहुली निघाली. पान्हा नाही, पक्कड नाही. तरीही चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणलं. एक तर माझा संशय फिटला नव्हता, आणि दुसरं म्हणजे त्याला त्या गर्दीत सोडणं शहाणपणाचं नव्हतं.

पोरगी महिला पोलिसाच्या मांडीवर झोपूनच राहिली. मी त्याला समोर बसवलं.

"रस्त्यात इतक्यांदा का थांबतोस?"

"पोरगी झोपती म्हणून, साहेब."

हवालदार हसला. चौकशीत मी नाना प्रकारच्या सबबी ऐकल्या होत्या, पण ही नवी होती. मी म्हटलं, नीट सांग.

त्याची बायको वेगळी राहत होती, अवसरी खुर्दला, नोकरीसाठी. प्रकरण कोर्टात होतं. बापाला मिळत होता रविवारचा दिवस, तोही दिवेलागणीच्या आत पोर पोचती करायच्या अटीवर. गाडीत तिच्यासाठी त्यानं बुस्टर सीट आणली होती. लहान मूल त्यावर उंच बसतं, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्याशी न येता खांद्यावरून जातो. पण जेवून निघालं की पोर झोपायची, वळणावळणाला कलंडायची आणि पट्टा गळ्यावर चढायचा.

"एकदा ब्रेक मारला न् मानंवर वळ उठला, साहेब. तिच्या आईनं बघितला. म्हणली, परत असं दिसलं तर पाठवणार न्हाई. तवापासून आरशात मान पडलेली दिसली की थांबतो. सरळ बसवतो, पट्टा नीट करतो, मग निघतो."

"मग आडवी झोपव की," हवालदार म्हणाला. "न्हायतर उपरण्यानं डोकं बांध सीटच्या पाठीला."

"आडवी झोपली तर पट्टा कुठं लागतोय? न् डोकं बांधल्यावर गाडी आपटली, तर सगळा हिसका मानंलाच बसंल." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, मला आत टाकायचं तर टाका. पण हिला येळेत पोचवा. आज उशीर झाला तर माझा रविवार गेला."

खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या सुटकेचं बोलतो. हा पोरीच्या वेळेचं बोलत होता. तरी नुसत्या बोलण्यावर विसंबायचं नाही, ही माझी खोड. मी त्याचीच गाडी काढायला लावली. हवालदार चालवायला, बाप पुढं, पोर तिच्या सीटवर आणि मी तिच्या शेजारी. खालचा पट्टा मांड्यांवर, वरचा खांद्यावरून, सगळं व्यवस्थित. पाण्याकाठच्या पहिल्याच मोठ्या वळणावर ती माझ्याकडं कलंडली आणि पट्टा सरकत थेट गळ्यावर आला. माझा हात आपोआप पुढं गेला. "थांबव!" मी ओरडलो.

गाडी थांबली ती नेमकी एका मोटारीसमोर. हा थांबला की त्याला काठ दिसणारच, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. मी विचारलं, "इथं थांबतोस तेव्हा दुसरं कुणी दिसतं का?"

"भंगारवाल्याचा टेम्पो दिसतो कधीमधी. आजपण खाली व्हता. पण भोंगा बंद."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. काठावर घर नाही, दार नाही. तिथं भंगार विकणार कोण? आणि भोंगा बंद ठेवून भंगारवाल्याचा धंदा कसा चालेल? तिथूनच नाकाबंदीचा निरोप दिला आणि टेम्पो ओळखायला त्याला घेऊन ठाण्यात परतलो. संध्याकाळ व्हायच्या आत टेम्पो ठाण्याच्या आवारात उभा होता. गोणपाटाखाली तांब्याची तार होती. पोलीस पाटील स्वतः आले आणि पोरीच्या बापापुढं हात जोडून म्हणाले, "पावणं, चोर सोडून संन्याशाला धरलं आमी."

पण त्याचं लक्ष उतरत्या उन्हाकडं होतं. म्हणून मीच पोरीच्या आईला फोन केला होता. ती भावाच्या गाडीतून आली, चेहरा कडक.

"ह्यांनी काय केलं?"

मी सगळं सांगितलं, पट्टा माझ्या डोळ्यांदेखत गळ्यावर आला तेही. तिनं पोरीची मान निरखून पाहिली. मग हळूच म्हणाली, "भावाच्या गाडीत ती कुरकुर करती म्हणून मी वरचा पट्टा पाठीमागं टाकते."

"तसा पट्टा असून नसल्यासारखाच, ताई," महिला पोलीस म्हणाली. "उंच पाठीची सीट मिळते, बाजूला डोकं टेकायला आधार असतो. ती घ्या दोघांनी."

आईनं मान डोलावली. मग पहिल्यांदाच नवऱ्याकडं पाहिलं. "जेवून निघता म्हणून झोपती ना ती?"

"व्हय."

"मग शनिवारीच न्या. रात्री राहू दे तुमच्याकडं. रविवारी सकाळी आणून सोडा. सकाळी ती जागी असती, वाटभर बडबडती."

कोर्टात त्यानं रात्र मागितली होती आणि मिळाली नव्हती. तो उपरण्यानं तोंड पुसत राहिला. मलाही गहिवरून आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

माणूस काय करतो ते आम्ही पोलीस डोळ्यांत तेल घालून पाहतो. का करतो, ते त्याला विचारायचं आणि त्याच्याच जागी बसून तपासायचं, हे त्या दिवशी शिकलो. आता माझी नात गाडीत झोपून कलंडली की मी मुलाला गाडी थांबवायला लावतो. तो वैतागतो, उशीर होतोय म्हणतो. मी म्हणतो, होऊ दे.