बाबलीचं नारळाचं घड्याळ

कणकवलीच्या एसटी स्टँडजवळ, जितेंद्रच्या मोबाईलच्या दुकानाच्या तोंडाशी, एक काचेची पेटी आणि एक स्टूल आहे. त्या स्टुलावर बाबली चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत बसला. पेटी आधीची, मुलाचं दुकान तिच्यामागे नंतर उभं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी बाबलीचा उजवा हात थरथरू लागला. चिमट्यातून आधी केसासारख्या स्प्रिंगा निसटल्या, मग स्क्रू, मग गिऱ्हाइकं.

वैशाखातल्या एका सकाळी जितेंद्र म्हणाला, "बाबा, येत्या मंगळवारी पेटी माळ्यार ठेवतंय. थंय कव्हरांचो स्टँड लावूक होयो. तुमचो हात बघा वायच."

"हात थरथरता रे माझो. डोक्या नाय थरथरणा."

"मगे एखादा घड्याळ करून दाखवा!"

"दाखवतंय. त्याच मंगळवारी, बाजारादिवशी, सकाळी नवापासून सांजच्या सहापर्यंत माझा घड्याळ चालला, तर पेटी हंयच रवतली."

"आणि बंद पडला तर?"

"तर तूच उचल ती."

नात संचिता कॉलेजात गेल्यापासून तिच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांचा खोका माळ्यावर पडून होता. एकात एक बसणारे रंगीत ठोकळे, काड्या आणि भाताच्या दाण्याएवढ्या दातांची चाकं. बाबलीने तो खाली काढला. ठोकळा दाबताना हात हले, पण एकदा 'टक्' झालं की हाताला तिथे काही काम उरत नसे.

मिनिटकाटा बारा फेरे घेईल तेव्हा तासकाट्याने एकच घ्यायचा. एकदम बारा पट करणारी चाकं खोक्यात नव्हती. बाबलीने तीन पट, दोन पट आणि पुन्हा दोन पट अशा जोड्या लावून बारा गाठले. लंबकाच्या हेलकाव्यासरशी चाकाचा एकेक दात अडवून सोडणारा आकडा मात्र चारदा मोडून पाचव्यांदा जमला.

शेजारी भाजी विकणारी मथुरा रोज चिडवायची, "काय ओ भाऊ, नातीन टाकल्यान आणि आज्यान उचलल्यान?"

"उचललंय. तुझी भेंडी कोण उचलता ता बघ."

घड्याळ ओढायला दोरीला वजन हवं होतं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कामाला हात लागत नाही आणि गाऱ्हाण्याला नारळ लागतो. शुक्रवारी बाबलीने माडावरून नुकताच उतरवलेला, न सोललेला नारळ पुढे ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बा देवा रवळनाथा, बाबली संपलो असा जे म्हणतत, त्यांका या घड्याळाचे ठोके मोजूक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मथुरा आणि दोन रिक्षावाले ओरडले.

देवाला दाखवलेला नारळच त्याने दोरीला बांधला. दर तीन तासांनी तो वर ओढायचा, की घड्याळ पुढचे तीन तास चाले. शनिवार, रविवार, सोमवार, दिवसभरात एकदाही थांबलं नाही.

मंगळवारी बाजार भरला. नवाला लंबक हलला, माणसं जमली. साडेअकराला लंबक मंदावला आणि उभा राहिला.

जितेंद्रने पेटीवर हात ठेवला.

"हात काढ," बाबली म्हणाला.

"बाबा, बोलणा झाल्ला. बंद पडला तर..."

"बंद पडलेलीच घड्याळां माझ्याकडे येतत रे. चालता घड्याळ घेवन आजपर्यंत कोण इलो?"

गर्दीतून हसू फुटलं. जितेंद्रचा हात पेटीवरच राहिला, पण त्याने ती उचलली नाही.

बाबलीने चाकं फिरवून पाहिली, ठीक होती. आकडाही ठीक होता. मग त्याने नारळ तळहातावर घेतला आणि कपाळाला हात लावला. पत्र्याखाली चार दिवस टांगलेल्या नारळावरचं ओल्या काथ्याचं सोडण वाळलं होतं. देवाचा नारळ हलका झाला होता.

"मथुरे, तुझा किलोचा वजन दी."

"आणि मी भेंडी कशान जोखू?"

"ह्या नारळान."

"गिऱ्हाईक माका मारतला!" ती म्हणाली, आणि लोखंडी वजन तिने पुढे केलं.

गाठ मारायला हात ऐकेना. एकदा दोरी सुटली, दुसऱ्यांदाही सुटली. जितेंद्र पुढे झाला.

"तू नको."

तिसऱ्यांदा गाठ बसली. स्टँडवर किती वाजले ते विचारून बाबलीने काटे फिरवले आणि लंबकाला बोट लावलं. टक्. टक्. आठ मिनिटं लागली होती.

सहाला घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. बाबलीने नारळ सोलून फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मुलाच्या हातावर ठेवला.

"मधली आठ मिनिटां धरूची काय?" जितेंद्रने विचारलं.

"धर. ती माझ्या धंद्याची."

जितेंद्र खोबरं चघळत राहिला. मग कव्हरांचा स्टँड त्याने आतल्या भिंतीला नेऊन लावला.

दुसऱ्या दिवशी पेटीवर नवा पुठ्ठा होता. अक्षरं वाकडी, पण ठसठशीत: 'मनगटी घड्याळे घेत नाही. भिंतीवरची आणा.'