धुण्यात राहिलेला हायपो

प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर टाकलेला थेंब दोन मिनिटांत तपकिरी झाला. मी दुसरा प्रिंट घेतला. तोही तसाच.

"शरदभाऊ, हे नीट धुतलेत ना?"

"पूर्ण तासभर, मॅडम. टायमर लावून."

शरदभाऊ नेरुळच्या माझ्या लॅबमध्ये प्रिंटिंग बघतात. आमच्याकडे अजूनही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म डेव्हलप होते आणि डार्करूममध्ये हाताने प्रिंट निघतात. कागदावर उमटलेलं चित्र टिकावं म्हणून तो हायपो नावाच्या रसायनात बुडवतात. मग तोच हायपो वाहत्या पाण्याने पूर्ण काढून टाकावा लागतो. कागदात राहिला तर फोटो आज सुरेख दिसतो आणि काही वर्षांत पिवळा पडतो. थेंबाची टेस्ट एवढंच सांगते: डाग जितका गडद, तितका हायपो शिल्लक.

मी नळाखाली बादली धरली. एरवी मिनिटभरात भरणारी बादली भरायला तीन मिनिटं लागली. सोसायटीची टाकी साफ केल्यावर प्लंबरने आमच्या लाइनचा वॉल्व्ह अर्धाच उघडला होता. टाकी साफ होऊन तीन आठवडे झाले होते. टेस्ट दर आठवड्याला करायची, हा नियम माझाच. कामाच्या गडबडीत मीच ती तीनदा टाळली होती.

तेवढ्या काळात चौतीस प्रिंट गिऱ्हाइकांच्या घरी गेले होते.

"आत्ता कुणाला काही दिसणार नाही, मॅडम," शरदभाऊ हळूच म्हणाले.

"दिसेल तेव्हा धुऊन उपयोग नाही, भाऊ."

त्यांनी मान हलवली आणि रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. मी एकेकाला फोन लावला. एक सोडून सगळ्यांनी प्रिंट आणून दिले. पुन्हा भिजवून, नीट धुऊन, वाळवून आम्ही ते परत केले. राहिले फक्त जवळच्या सारसोळे गावचे धर्माकाका. फोनवर त्यांनी साफ नाही म्हटलं, म्हणून मी घरी गेले.

भिंतीवर हिराबाईंचा फोटो होता, त्याला ताजा हार. काकांची बायको. जाऊन पाच महिने झाले होते. एका जुन्या निगेटिव्हवरून आम्ही तो मोठा करून दिला होता.

"काका, आठ दिवसांसाठी द्या. धुऊन आणते."

"कनाला? चांगला तं हाय."

"आज चांगला आहे. पुढे पिवळा पडेल. चूक माझी आहे."

"पडंल तवा बगू. वरीस व्हईपर्यंत फोटो खाली उतरवाचा नाय."

वर्षश्राद्ध होईपर्यंत भिंत रिकामी ठेवायची नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. मी चहा संपवला. मग विचारलं, "नवीन प्रिंट आणून आधी लावला आणि मग हा काढला, तर चालेल? फक्त निगेटिव्ह द्या."

काकांनी उठून पत्र्याच्या डब्यातून पाकीट काढलं.

"ही ने. हिला कोन बगत नाय."

शरदभाऊंनी तो प्रिंट तीनदा काढला. पहिल्या दोनमध्ये चेहरा त्यांच्या मनासारखा उजळ येईना. तिसरा धुऊन झाल्यावर कडेवर थेंब टाकला. दोन मिनिटं झाली, चार झाली. डाग उठला नाही.

रविवारी सकाळी मी आणि शरदभाऊ तो फ्रेम करून घेऊन गेलो. जुन्याशेजारी खिळा ठोकला, नवीन लावला. काकांनी हार एकावरून काढून दुसऱ्याला घातला. क्षणभर दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते. काका मागे सरून बघत राहिले.

"दोन दोन हिरा," ते म्हणाले. "एकच भारी व्हती."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने जुना उतरवून माझ्याकडे दिला.

वॉल्व्ह तर बादली भरून पाहिली त्याच दिवशी पूर्ण उघडून घेतला होता. टेस्ट आता सोमवारी शरदभाऊ करतात आणि सही मी करते. माझ्या एकटीवर तो नियम सोपवायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तासभर धुतलं असं घड्याळ सांगतं. स्वच्छ धुतलं की नाही, ते त्याला माहीत नसतं.