चिकाचं भांडं

माझा भाऊ विश्राम. कल्याणातल्या वळूच्या दवाखान्यात काय स्वच्छ काम करायचा म्हणून लोक अजून त्याचं नाव काढतात. करायचा, खोटं कशाला बोलू. पण माझ्यासमोर कुणी त्याचं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं.

आई गेली तेव्हा तो रांगत होता. मीच कडेवर वागवून मोठा केला. पुढे माझं कुंकू पुसलं गेलं आणि मी विठ्ठलवाडीला एका गायीवर, माझ्या तांबूवर, संसार ओढू लागले. फाळणीनंतर शेजारी सिंध्यांचा कॅम्प वसलेला, तिथं तांबूचं दूध घालायचं, त्यावर चूल पेटायची. तेव्हा विश्राम कल्याणच्या त्या वळूच्या सरकारी केंद्रात चिकटला. वळूचं वीर्य रबरी नळीत धरायचं, अंड्याच्या बलकात मिसळायचं आणि काचेच्या नळीनं गायीच्या गर्भपिशवीत सोडायचं, असं तिथलं काम. वळू धुणं आणि नळ्या उकळणं विश्रामकडे. नोकरी काय लागली, पठ्ठ्या मलाच शिकवायला लागला. बाय, हात धू, कास धू, डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते आत गेले तर गाय कायमची बाद. माझे कान किटले. पण आमच्या आळीतलं कुणी तिकडे गाय न्यायला धजेना, तेव्हा त्याच्या शब्दावर पहिली तयार झाले ती मीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तांबू माजावर आली, तिला घेऊन गेले. केंद्रात ही गर्दी. मोठा साहेब काम बघायला येणार होता. खंडेनवमीला शेतकरी नांगर पुजतो, तशा या लोकांनी आपल्या नळ्या पाटावर मांडून पुजलेल्या. हळद, कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. विश्रामची स्वतःची गायही माजावर होती, रांगेत पहिली उभी. साहेबाची मोटार वाजली तसा तो धावत आला, आपली गाय मागं घेतली आणि माझ्या तांबूचा कासरा धरून म्हणाला, "बाय, तुझी आधी."

मला काय वाटलं सांगू? चारचौघांत भावानं मान दिला, असं वाटलं. घरी येईस्तोवर माझे पाय जमिनीवर नव्हते.

तांबू गाभण राहिली नाही. तिला पू जायला लागला. केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवली तर ते म्हणाले, गोदूबाई, तुमचा गोठा घाण असेल. विश्राम शेजारीच उभा होता, खाली मान घालून. मी येडी घरी आले, गोठ्याची जमीन खरवडली, भिंतींना चुना मारला, स्वतःलाच शिव्या घातल्या. तांबू आटली आणि पुन्हा कधी व्याली नाही. ज्या घरांत दूध घालत होते, त्याच घरांत मी भांडी घासायला जाऊ लागले.

त्या दिवशीच्या रांगेतल्या बाकीच्या गाई मात्र व्याल्या. विश्रामचीही व्याली. तो माझ्यासाठी चीक घेऊन आला, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी विचारलं, त्या दिवशी तुझी गाय मागं का घेतलीस?

आधी उडवाउडवी केली. मी दार अडवून उभी राहिले तेव्हा बोलला. पुजलेल्या नळ्या दसरा होईपर्यंत हलवायच्या नाहीत, म्हणून तशाच राहिल्या. सकाळी उकळायला घेणार, तोच साहेब वेळेआधी टपकला. मग यानं ओल्या फडक्यानं हळदकुंकू पुसलं आणि तीच नळी पुढे केली. साहेब चहाला गेल्यावर सगळं उकळलं, वळू पुन्हा धुतला, नवं वीर्य धरलं. मागच्या गाई बचावल्या.

"मग माझीच गाय का रे पुढे घातलीस?"

"दुसऱ्या कुणाची बिघडली असती तर त्यानं बोंब मारली असती, बाय. माझी नोकरी गेली असती. तू आपली. तू काय बोलणार नाहीस."

परक्यानं केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. यानं माझी माया बघूनच माझा गळा कापला. मला रडूसुद्धा आलं नाही.

आमच्याकडे चिकाचं भांडं धुऊन परत करत नाहीत, देणाऱ्याची गाय आटते म्हणतात. तसंच खरकटं, वर चिमूटभर साखर घालून द्यायचं. मी चुलीवर आधण ठेवलं. चीक मागच्या दारी ओतला, भांडं राखेनं आतून बाहेरून घासलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यात खळखळतं पाणी ओतलं. मग कोरडं करून त्याच्या हातात दिलं.

"उकळून दिलंय," मी म्हटलं. "ने आता."