उजव्या पंखावरचं सोनं

कसं सांगू तुम्हाला? सांगावं की नाही, इथूनच माझी शंका सुरू होते. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. भरपूर शिकलेला माणूस किती मोठा गाढवपणा करू शकतो, ते तुम्हाला घरबसल्या कळेल.

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. सगळा जन्म पतंगांच्या अभ्यासात गेला. दोरीचे नव्हेत हो, दिव्यावर झेपावणारे. आणि इतक्या वर्षांत एकही नवी जात माझ्या हातून जगापुढे आली नाही. एकदा येणार होती. पण मी शंका काढत बसलो आणि तोवर दुसऱ्याच कुणीतरी तिचं वर्णन छापून टाकलं.

तर दसऱ्याच्या आधी माझी जुनी विद्यार्थिनी स्वाती हिने आंबोलीहून एक पेटी पाठवली. टाचणीवर पंख पसरून बसवलेले पतंग. ती तिकडे घाटात हिंडून काम करते. फोनवर म्हणाली, "सर, यातला एक मला ओळखू येत नाही. नवीन असावा. वर्णन तुम्ही लिहा."

कोणता एक, ते मी विचारलं नाही. तुम्हीच सांगा, गुरूने शिष्येला असलं कसं विचारायचं?

आमचं घर नवघरला. पूर्वेच्या गॅलरीत माझं टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक आणि ही पेटी. पंखा बंद, कारण वाऱ्याने नमुने मोडतात. ऑक्टोबरचा उकाडा, समोर नव्या टॉवरची धडधड. पण भिंगाला डोळा लावला की सगळं मावळतं. पंखावरचे खवले एकावर एक, कोकणातल्या घरांच्या कौलांसारखे. त्या कौलांवरून मी हिंडत राहतो. कुठे करडं धुकं साचलेलं, कुठे ओल्या कातळाचा काळपट रंग, कुठे पहाट झाल्यासारखी फिकट तांबूस कड. माझी बायको कुंदा चहा ठेवून जाते आणि गार झालेला उचलून नेते.

दसऱ्याच्या दुपारी श्रीखंड-पुरी जेवून मी असाच तरंगत होतो. आणि पेटीच्या कोपऱ्यातल्या एका पतंगाच्या पंखावर ऊन पडलेलं दिसलं. ऊन कसलं, सोनं! धुक्यातून पठारावर उतरावं तसं.

तेही फक्त उजव्या पंखावर. आता पतंगाचा डावा पंख आणि उजवा पंख आरशात पाहिल्यासारखे सारखे असतात, हे मीच मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. मग इथे एकाच बाजूला सोनं कसं? दुसरा कुणी असता तर थांबला असता. मला मात्र गहिवरून आलं. म्हटलं, निसर्गाने आपला नियम मोडला आणि तो दाखवायला माझी गॅलरी निवडली. दोन दिवसांपूर्वी हेच पंख मी पाहिले होते, तेव्हा सोनं का दिसलं नाही? मोतीबिंदूवर ढकललं. आयुष्यात एकदा तरी शंका घ्यायची नाही, असं ठरवलंच होतं.

लिहायला बसलो. रंगाला उपमा सुचेना. शेवटी लिहिलं, हळदीसारखा पिवळा पट्टा आणि त्यात कुंकवासारखा तांबडा ठिपका. उपमा इतकी चपखल साधली की स्वतःवरच खूश झालो.

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात संकेत आहे. दुसऱ्याचं देता येतं. मी कुंदाला म्हटलं, तुझं देतो. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "किड्याला?"

पण संध्याकाळी ती रत्नागिरीच्या बहिणीशी बोलताना ऐकलं. "अगं, माझ्या नावाचा पतंग. आंबोलीच्या रानात. आपण गेलो तरी तो राहणार." मग तेच मावशीला, तेच विहीणबाईंना. दर वेळी आवाज थोडा हळू होत होता, जणू मोठ्याने बोललं तर उडून जाईल.

विहीणबाईंकडून बातमी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिग्नेशभाई यांच्याकडे गेली. त्यांनी रविवारी सत्कार ठरवला. गेटवर बॅनर लागला. त्यावर मी, आणि माझ्या डोक्यावर एक भलंमोठं फुलपाखरू. पतंग नव्हे, फुलपाखरू. स्वातीलाही बोलावणं गेलं.

ती रविवारी सकाळी आली. भिंगातून पाहिलं. मग बारीक कुंचला घेऊन पंखावरून हलकेच फिरवला. सोनं गळून खाली पडलं.

"सर, काकू खंडेनवमीला पूजा करतात का?"

"करते की," कुंदा आतूनच म्हणाली. "तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा केली. सूक्ष्मदर्शक, चिमटे, ही पेटी. हत्यारंच ना ती तुमची? त्या कोपऱ्यातल्याला हळद जरा जास्तच सांडली."

स्वातीची आई म्हणे दरवर्षी तिच्या कॅमेऱ्याच्या भिंगालाही हळदीकुंकवाचं बोट लावते. म्हणून तिने लगेच ओळखलं. मी मान वर करेना. कुंदा दारात येऊन उभी राहिली. तिला कळलं होतं.

"म्हणजे नाव गेलं का हो?"

एवढंच. मला वाटलं, तिने भांडायला हवं होतं.

मी धावत खाली गेलो, जिग्नेशभाईंना म्हटलं, सत्कार रद्द करा, ती हळद होती. ते हसले. "सर, आप पण ना. लिफ्टचं बटण दाबून पण विचारता, दाबलं ना मी? ढोकळा आला आहे. अभी बैठो." मग मी माइकवरच सांगितलं की हा शोध नाही, ही आमच्या घरची हळद आहे. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. केवढा हा विनय, म्हणाले.

शाल पांघरून वर आलो, तर स्वाती पेटीसमोर बसलेली. हळूच म्हणाली, "सर, तो कोपऱ्यातला घाटात सगळीकडे मिळतो. तुलनेसाठी पाठवला होता. मी म्हणत होते तो हा." आणि तिने मधल्या मातकट पतंगावर बोट ठेवलं, ज्याला मी भिंगाखाली घेतलंसुद्धा नव्हतं. तो मात्र खरोखरच नवा निघाला. पंखांच्या शिरा वेगळ्या, मिशा वेगळ्या. नाव काकूंचंच द्यायचं, असं तिनेच ठरवलं.

या वेळी वर्णन लिहिताना सगळ्या शंका काढल्या. पुरं झालं तेव्हा कुंदाला समोर बसवून मराठीत वाचून दाखवलं. रंग मळकट. खोडाला चिकटून बसला की असून नसल्यासारखा. स्वातीने रानात पाहिलं त्याप्रमाणे, डिवचला तरी लगेच उडत नाही, आधी जागच्या जागी बराच वेळ थरथरतो. उडालाच तर दोन हात जातो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो.

कुंदाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव माझं ठेवलंत ते ठीक," ती म्हणाली. "पण अहो, हे तर हुबेहूब तुम्ही आहात."