शेजारची सीट

आमच्या दाजींनी जितक्या गाड्या चालवल्या, तितक्या गावातल्या सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून चालवल्या नसतील. आणि तरीही दाजी गाडीनं कधी कुठे गेले नाहीत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. म्हणजे थोडं चेष्टेनंच म्हणतो, कारण दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि मेहुण्यानं दाजींची चेष्टा करायची नाही तर कुणी करायची? पण गोष्ट खरी आहे.

आमचं गाव मूळचं सायकलींचं. माझं दुकानही सायकल दुरुस्तीचंच होतं. दाजी बाटल्यांच्या कारखान्यात होते, तो बंद पडला आणि ते घरी बसले. त्याच सुमारास गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर मोटारींची कंपनी आली आणि दाजी तिथं लागले. सुरुवातीला गाड्या सुटे भाग होऊन लाकडी खोक्यांतून यायच्या आणि इथं नुसत्या जोडल्या जायच्या. शिकवायला समुद्रापलीकडच्या देशातून माणसं आली होती. त्यांच्यातला एक वयस्कर गृहस्थ दाजींना म्हणाला होता की आमच्या बापजाद्यांनीही परक्यांच्या गाड्या खोलून खोलूनच विद्या मिळवली, त्यात लाजायचं काय. पुढे इंजिनं इथंच व्हायला लागली. मग सीटा करणारे, काचा करणारे, वायरी गुंडाळणारे असे छोटे कारखाने माळभर कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले. माझ्या दुकानात सायकलींच्या जागी आधी स्कूटर आल्या, मग गाड्यांचे टायर. आणि एक दिवस इथल्या गाड्या जहाजात चढून निघाल्या त्या थेट शिकवणाऱ्यांच्याच देशाला. गुरूची विद्या गुरूला, असं त्या दिवशी सगळा नाका म्हणत होता.

या सगळ्या पसाऱ्यात दाजींचं काम काय, तर गाडी पूर्ण झाली की ती चालवत शेवटच्या दारातून बाहेर काढायची आणि आवारात नेऊन लावायची. बस, इतकंच. चालवायला त्यांना कंपनीनंच शिकवलं, आवाराच्या आत. जाण्याचा रस्ता एका दिशेचा, समोरून कुणी येणार नाही. वेग दुसऱ्या गियरच्या पुढे न्यायचा नाही. हॉर्न नाही, रेडिओ नाही, बोलणं नाही. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून अंगठी घालायची नाही आणि पट्ट्याचं बकल कापडाखाली झाकायचं. गाड्या लावायच्या त्या खेटून. आपल्या बाजूला अंग चोरून उतरता येईल एवढी फट ठेवायची, दुसऱ्या बाजूला फार तर तळहात. तिकडून कोण उतरणार? शेजारच्या सीटवर कधी कुणी नसायचंच. किल्ली गाडीतच ठेवायची, दार लावायचं आणि फाटकाशी जाऊन उभं राहायचं. तिथून कंपनीची व्हॅन सगळ्या चालकांना गोळा करून पुन्हा शेवटच्या दाराशी सोडायची. तिथं पुढची गाडी तयार.

केस काळ्याचे पांढरे होईपर्यंत दाजींनी हेच केलं आणि मन लावून केलं. नाक्यावरचे लोक त्यांना 'सेकंड गियर' म्हणायचे. त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. घरीसुद्धा चपला अशा खेटून लावायचे, की पाहुण्याला स्वतःची जोडी ओढून काढताना दोनचार इकडेतिकडे व्हायच्याच.

ताई त्यांच्या अगदी उलट. तोंडाची फटकळ, हाताची उघडी. घरात शिवणयंत्र, समोर कायम कुणीतरी बाई बसलेली आणि दोघींचं बोलणं यंत्राच्या वरताण. दाजी कामावरून आले की कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकायचे. स्वतः चार शब्द बोलायचे, त्यातले दोन 'हो' असायचे. दोघांना मूलबाळ नाही. असतं तर एव्हाना कुणीतरी गाडी चालवणारं घरात असतं, असं ताई एकदा म्हणाली. पण ते नंतर.

दाजींच्या नोकरीच्या शेवटी शेवटी कंपनीत नवीन गाड्या आल्या. त्या बॅटरीवर चालायच्या आणि शेवटच्या दारातून आपल्या आपण बाहेर पडून आपल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. आत कुणी नाही. दाजींनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आम्हाला वाटलं, ते उदास होतील. ते म्हणाले, "फट सारखी ठेवतात पण." जणू एखाद्या नव्या सहकाऱ्याबद्दल बोलत होते. थोड्याच दिवसांत त्यांना निवृत्त केलं आणि निरोपाच्या वेळी सवलतीच्या भावात एक लहान पांढरी गाडी देऊ केली. रस्त्यावरचं लायसन्स त्यांनी त्या वयात काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं गाडी लावून दाखवा म्हटल्यावर दाजींनी ती अशी लावली की तो साहेब बघतच राहिला. तिथं साहेब बाहेर उभा होता, शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं, म्हणून आम्हाला पुढचं काही कळलं नाही.

गाडी घेतली ती हौसेपायी नव्हे. ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा शेजारच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डायलिसिसला जायचं. सुया टोचायच्या म्हणून एका हाताची शीर शस्त्रक्रियेनं धमनीला जोडून घेतली होती. त्या हातावर भार द्यायचा नाही, काही उचलायचं नाही. बसनं जाताना त्या हाताला धक्का लागू नये म्हणून ती तो पोटाशी धरून उभी राहायची. येताना तर तिच्यात उभं राहायचंही त्राण नसायचं. मग ती एखादी खेप टाळायला लागली. "आज नको, परवा जाते," असं म्हणायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की खेपा अशाच चुकत राहिल्या तर ताई जगणार नाही. मी ते दाजींना सांगितलं. दाजींनी त्याच आठवड्यात गाडी दारात आणली.

पहिल्या दिवशी मी स्कूटरवर त्यांच्या मागे मागे गेलो, काळजी म्हणून. ती मिरवणूक मी विसरणार नाही. पुढे पांढरी गाडी दुसऱ्या गियरमध्ये गुरगुरतेय, तिच्या मागे मी, आणि माझ्यामागे शिव्या देणारा निम्मा तालुका. दवाखान्याशी पोहोचल्यावर मी स्कूटर लावायला बाजूला गेलो आणि ताईची फाइल घेऊन फाटकाशी आलो. तिथं दाजी एकटेच उभे होते, हात मागे बांधून, रस्त्याकडे बघत.

"दाजी, ताई आत गेली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जणू भलत्याच कुणाची चौकशी करत होतो. मग त्यांचा चेहरा उतरला. ते व्हॅनची वाट बघत होते.

आम्ही दोघेही पळालो. गाडी त्यांनी भिंतीला लावली होती. भिंत आणि ताईचं दार यांत एक तळहात, शेजारचा आरसा दुमडलेला, काचा वर, किल्ली आत. ताई तशीच बसून होती. दार उघडत नव्हतं. दाजींच्या बाजूनं बाहेर यायचं तर मधला गियरचा दांडा ओलांडून यायला हवं, आणि हातावर भार देता येत नव्हता. घामानं तिचा पदर भिजला होता.

"हॉर्न दाबायचा होतास ना," मी म्हणालो.

"वाटलं, येतील," ती म्हणाली.

दाजींनी गाडी मागे घेतली, ताई उतरली, तिचा नंबर थोडा मागे गेला, पण डायलिसिस झालं. वाईट काही घडलं नाही असं कुणीही म्हणेल. मला मात्र दाजींचा असा राग आला होता की परत येताना मी स्कूटर त्यांच्या पुढे काढली आणि मागे वळूनही बघितलं नाही.

घरी पोहोचल्यावर ताई माझ्याशी बोलली. दाजी बाहेर गाडी पुसत होते.

"मी आता नाही जाणार. गाडीनंही नाही, बसनंही नाही."

"अगं, चुकलं त्यांचं. सवय आहे इतक्या वर्षांची."

"तेच म्हणते. यांनी जन्मभर रिकाम्या गाड्या नेल्या. मी बसले तरी ती रिकामीच." हे ती रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो. ती दमल्या आवाजात बोलली. "जाताना एक शब्द नाही बोलले. बसमध्ये निदान कंडक्टर तरी 'सरका' म्हणतो. आणि पोरंबाळं असती तर कुणीतरी नेलंच असतं मला. आता पुरे."

पुढच्या खेपेला ती खरंच गेली नाही. मी ओरडलो, हातापाया पडलो, शेजारणींना आणून बसवलं. उपयोग शून्य. तिचे पाय सुजले, दोन वाक्यांमध्ये धाप लागायला लागली. त्याच संध्याकाळी दाजी माझ्या दुकानात आले. मी टायर बसवत होतो. मान वर केली नाही.

"चल. शेजारी बस," दाजी म्हणाले.

"कशाला?"

"कुणीतरी बसलेलं असताना चालवायला शिकायचंय."

मी बसलो. माझं काम एकच, बसायचं आणि बोलत राहायचं. दाजींचं काम अवघड होतं. मी काही विचारलं की ते गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायचे, थांबवायचे, ब्रेक ओढायचे, मग उत्तर द्यायचे आणि पुन्हा निघायचे. "टायरांचा धंदा कसा आहे?" हा प्रश्न त्यांनीच मला विचारला, तोसुद्धा गाडी थांबवून. राग किती वेळ टिकणार? मला हसू आलं, आणि मग ते एवढा वेळ कशासाठी धडपडतायत हे आठवून हसू गेलं. एका वळणावर त्यांनी गाडी न थांबवता तोंड उघडलं. "खड्डा आहे. धरून बस." मी खरंच धरून बसलो. मग ते पुन्हा म्हणाले, "इथं पण आहे." अंधार पडेपर्यंत त्यांनी मला गावातला एकूण एक खड्डा सांगितला.

त्यानंतरच्या खेपेला सकाळी दाजींनी गाडी दारात आणली आणि पुढचं दार उघडून धरून उभे राहिले. ताई उंबऱ्यात आली. ती मनापासून आली नव्हती. श्वास पुरत नव्हता म्हणून आली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं मागचं दार उघडलं आणि तिथं आधीच बसलेल्या माझ्या शेजारी बसली. दाजींनी पुढचं दार हळूच लावलं.

वाटेत दाजी बोलले. "पुढे खड्डा आहे." "आता वळतोय." "समोरून ट्रक येतोय, घाबरू नको." एकदा नुसतंच "ठीक आहेस ना?" ताईनं कशालाही उत्तर दिलं नाही. खिडकीला डोकं टेकून बसली होती. माझी खात्री होती की ही शेवटची खेप. परवा पुन्हा 'नको' म्हणणार आणि मग आपण काय करणार, हेच डोक्यात घोळत होतं.

दवाखान्यात शिरल्यावर दाजींनी गाडी पार्किंगकडे वळवली नाही. सरळ मुख्य दाराच्या पायऱ्यांशी नेऊन थांबवली. तिथं फक्त अ‍ॅम्ब्युलन्सनं थांबायचं असतं. भल्या मोठ्या अक्षरांत पाटी होती आणि पाटीवर लिहिलेलं मोडणं दाजींच्या रक्तात नव्हतं. मागे लगेच दोन गाड्या येऊन खोळंबल्या आणि कर्कश हॉर्न सुरू झाले. दारावरचा वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला.

"ओ काका, वाचता येत नाही का? काढा गाडी."

दाजी उतरले, वळसा घालून ताईच्या दाराशी आले आणि दार पूर्ण उघडलं.

"ऐकू येत नाही का? गाडी काढा आधी!"

"माणूस उतरतंय," दाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. "आजारी माणूस आहे. सावकाश उतरेल. तोवर गाडी इथून हलायची नाही."

वॉचमन काहीतरी बोलणार होता, मग त्यानं ताईच्या पायांकडे बघितलं आणि मागच्या गाड्यांना हात केला. ताईनं चांगला हात दाजींच्या खांद्यावर टाकला. एक पाय खाली, मग थांबली, श्वास घेतला, मग दुसरा. दाजींनी घाई केली नाही. मागचे हॉर्न चालूच होते. ताई पायरीवर उभी राहिली तेव्हा ती दाजींकडे बघत होती. मग म्हणाली, "जा, लावून या."

मी तिला धरून आत नेलं. नर्सनं फाइल उघडली आणि तिला फैलावर घेतलं. "मागची खेप चुकवलीत? जीव नकोसा झालाय का? परवा पुन्हा यायचंय, लक्षात आहे ना? जमणार आहे की नाही ते आत्ताच सांगा, जागेला दुसरे पेशंट आहेत."

ताई खुर्चीत टेकली आणि जोडलेल्या शिरेचा हात नर्सपुढे केला.

"जमेल," ती म्हणाली. "आमचे हे आणतायत मला."